न लागणाऱ्या विरजणाच्या शोधात

लोक निवृत्त झाले की आपल्या तब्येतीबद्दल लिहितात, नाहीतर आपल्या साहेबांबद्दल. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि साहेब अजून हयात आहेत. म्हणून मी दह्याबद्दल लिहितो.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ॲम्पिसिलिनच्या कॅप्सूल भरणारी एक कंपनी होती. तिथे मी उमेदीची सगळी वर्षं काढली. कंपनीचं नाव सांगत नाही. ती बंद पडली, पण तिचे वकील अजून चालू असतील. माझं खातं जंतूंचं. बाहेरच्यांना वाटायचं, आम्ही जंतू मारतो. मारायचो, पण त्याआधी पाळायचो. लोक पोपट पाळतात, मांजर पाळतात, आम्ही जंतू पाळायचो. वेळेवर खाणं, सोसेल तेवढी ऊब, जुनं घर खराब झालं की नवीन घर. माझी बायको म्हणायची, "यातलं निम्मं माझ्या आईचं केलं असतंत, तर ती अजून दहा वर्षं जगली असती." सासूबाई तेव्हा शेजारच्या खोलीत चहा पीत असायच्या.

काम तसं सोपं. काचेच्या चपट्या ताटलीत चायना ग्रासची पातळ जेली ओतायची, तिच्यात जंतू मिसळायचे, जेली गोठली की मध्ये एक खड्डा पाडून त्यात आमचं औषध टाकायचं. ताटली रात्रभर उबेला ठेवायची. सकाळी जंतू वाढून सगळी ताटली धुक्यासारखी पांढुरकी झालेली असायची, आणि खड्ड्याभोवती एक स्वच्छ, पारदर्शक गोल. जिथवर औषध पसरलं तिथवर जंतू खलास. गोल मोठा म्हणजे औषध जोरदार. कंपनीचा सगळा माल त्या गोलावर बाहेर पडायचा. मालक सकाळी आधी देवाला हात जोडायचे, मग गोलाला. गोल लहान निघाला तर देवाची खैर नसायची.

आता दह्याकडे येतो. आमच्या कंपनीत प्रत्येक खात्याचा एक खासगी उद्योग चालायचा. बॉयलरवाले राखेत रताळी भाजायचे. वर्कशॉपवाल्यांनी उरलेल्या पत्र्याचे इतके तवे केले, की अर्ध्या अंबरनाथची भाकरी आमच्या कंपनीच्या पत्र्यावर फुगायची. जंतूखात्याने काय करावं? आम्ही दही लावायचो. भंगारात काढलेली एक ऊबपेटी आमच्या खोलीबाहेरच्या बोळात पडून होती. तिचा काटा अडकला होता तो नेमका दह्याला लागणाऱ्या उबेवर. देवाने आणि मेंटेनन्सने मिळून केलेली ती एकमेव चांगली गोष्ट.

या पेटीचे पुजारी म्हणजे आमचे अटेंडंट नाना सावंत. साधा माणूस, आवाज मात्र भोंग्यासारखा. नाना खोकले की पहिली पाळी सुटायची. त्यांची मुलगी शुभांगी बदलापूरला, कुळगावातल्या राण्यांच्या घरी दिली होती. म्हणजे ठरलं होतं, लग्न व्हायचं होतं. मुलाची आई सुमतीबाई. त्यांनी बैठकीत एकच अट घातली होती. "हुंडा नको, मानपान नको, साडीचोळी नको. पंगतीला घरी लावलेल्या दह्याचं, घरी टांगलेल्या चक्क्याचं श्रीखंड पाहिजे. बाजारचं आणलंत तर मी पानावरून उठेन."

नाना छाती काढून म्हणाले, "विहीणबाई, दही म्हणजे तर आमचं खातं!"

ही सगळी गोष्ट त्या एका वाक्याची फेड आहे.

त्या सुमाराला आमचं दही लागेना. आदल्या दिवशी दूध, दुसऱ्या दिवशीही दूध. नाना भांडं हलवून बघायचे, हुंगायचे, पेटीला लाथ मारायचे. दूध यायचं चिखलोलीच्या म्हात्र्यांच्या तबेल्यातून. तेव्हा चिखलोलीत इमारती नव्हत्या, म्हशी होत्या, आणि त्या जास्त शांत होत्या. पण नाना काटकसरी. न लागलेलं दूध फेकायचं त्यांच्या जिवावर यायचं. कुठल्या डब्याच्या काठाला जराशी साय घट्ट झाल्यासारखी दिसली, की तिथलं बोटभर काढून दुसऱ्या दिवशीच्या दुधाला विरजण म्हणून लावायचे. असं बरेच दिवस चाललं. आधी काठाला, मग तळाला, मग एके दिवशी डबा उघडला तर आत असं दही, की चमचा उभा राहिला आणि सलाम ठोकून तसाच राहिला.

नाना मला हाक मारत ओरडले, "गायकवाड! पहिलवान निघाला!"

आम्ही त्या विरजणाचं नावच पहिलवान ठेवलं. ते कशालाही लागायचं. पाणी घातलेल्या दुधाला लागायचं, पावडरच्या दुधाला लागायचं. वर्कशॉपचा एक फिटर शपथेवर सांगायचा, की त्याने भिंतीला लावायच्या पांढऱ्या डिस्टेंपरच्या डब्यात थेंबभर टाकलं, तर सकाळी वड्या पडल्या. मी ते पाहिलं नाही, पण त्याच्या घराची भिंत मी पाहिलीय. आंबूस वास यायचा.

कीर्ती पसरली. कारण असं, की म्हात्र्यांचं दूध घेणाऱ्या सगळ्यांचंच दही बिघडलं होतं. आणि विरजण ही काही विकत घ्यायची वस्तू नव्हे. ती मागायची, आणि मागितली की द्यायची. कामगार वाटीत घेऊन गेले, शेजारणीने त्यांच्याकडून नेलं, तिच्या बहिणीने तिच्याकडून. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये परसुमलची डेअरी होती. म्हात्र्यांचं दूध तिथेही जायचं. परसुमल स्वतः किटली घेऊन गेटवर आला.

"साईं, माझा दही जमत नाय. कस्टमर मला बोलतो, परसुमल, दही दे नहीं तो भूसा दे, काहीतरी घट्ट दे. मेरी इज्जत का सवाल है."

नानांनी किटलीत पहिलवान घातला. परसुमलची इज्जत दुसऱ्या दिवशी सुरीने कापून विकली गेली.

एवढ्यात आमच्याकडे करंदीकर मॅडम रुजू झाल्या. वयाने कोवळ्या, विद्यापीठातून ताज्या निघालेल्या, जनुकांचं शास्त्र शिकून आलेल्या. पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना दही खाऊ घातलं. त्यांनी वाटी संपवली, तोंड पुसलं आणि विचारलं, "हे इतकं घट्ट कसं?"

नानांनी अभिमानाने सगळा इतिहास सांगितला. मॅडमचा चेहरा हळूहळू उतरला. वाटीत उरलेल्या थेंबाकडे त्या अशा बघायला लागल्या, जसा पोलीस जावयाकडे बघतो.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. म्हात्र्यांच्या दुधाचा थेंब आमच्या जंतूंच्या ताटलीतल्या खड्ड्यात टाकला. सकाळी खड्ड्याभोवती स्वच्छ गोल! दुधात औषध होतं. मग ॲम्पिसिलिन घातलेल्या जेलीवर पहिलवान पसरला. तिथे कुणीच वाढायला नको होतं. सकाळी ताटलीवर गर्दी, जणू आमचं औषध नव्हे, पिठीसाखर घातली होती.

"नाना, औषध जंतूला काही शिकवत नाही," मॅडम म्हणाल्या. "लाखो-कोटींत एखादा जंतू आधीच असा असतो, की त्याच्या जनुकांत काहीतरी वेगळं झालेलं असतं. औषध बाकीच्यांना मारतं, त्याला मैदान मोकळं मिळतं. तुम्ही रोज नेमकं त्यालाच उचललंत, दूध पाजलंत, वाढवलंत."

"म्हणजे मी निवड समिती," नाना म्हणाले.

"हो. आणि दुसरं वाईट असू शकतं. जंतूच्या पोटात मुख्य जनुकांशिवाय कधीकधी एक छोटं कडं असतं. प्लास्मिड म्हणतात. औषध फोडून टाकायची युक्ती त्या कड्यावर असते. जंतू त्या कड्याची नक्कल करून शेजारच्या जंतूला देतो. शेजारी त्याच जातीचा असायला हवा असंही नाही."

नाना विचारात पडले. "म्हणजे विरजणच की. शेजारी मागायला आला की द्यायचं."

"आणि दिल्यावर आपलं संपत नाही," मॅडम म्हणाल्या. "या पहिलवानाकडे ते कडं आहे की नाही, मला इथे बसून सांगता येणार नाही. पण असलं, आणि ते माणसाच्या पोटातल्या एखाद्या वाईट जंतूला मिळालं, तर उद्या कुणाला न्यूमोनिया झाल्यावर त्याला आपली कॅप्सूल चालणार नाही. आपण भरलेली."

नानांनी पेटीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "पोरीच्या लग्नात मी हे वाढणार नाही. पण मग श्रीखंड कशाचं करू?"

लग्न दारात आलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. सुमतीबाईंनी तर बदलापूरभर सांगितलं होतं, की व्याही स्वतः जंतूखात्यात आहेत, श्रीखंड बघाच.

पहिलं काम दुधाचं. आम्ही म्हात्र्यांना गाठलं. मी म्हणालो, "म्हात्रेशेठ, तुमच्या दुधात औषध आहे."

म्हात्रे भडकले. "पानी घातला असा बोलला असतास त आयकून घेतला असता. दवा? माझ्या दुधान दवा? माझा दूध चांगला हाय!"

"म्हशीला काही दिलं का तुम्ही?"

"दिला ना! एका म्हशीच्या कासेचा सड सुजला. डाक्टरनी सडान ट्यूब भरली. गुन आला. मंग मी सगल्या म्हशींना भरली. आजारी परायची वाट कनाला बघायची?"

"आणि दूध?"

"डाक्टर बोल्ला, थोरे दिवस दूध फेकून दे. मी बोल्लू, याला येर लागलाय, याचा डोका फिरलाय."

माणसं दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या अर्ध्यावर सोडतात, आणि म्हात्रे निरोगी म्हशींना औषध भरत होते. दोन्हीकडे शहाणपण सारखंच. मॅडमनी त्यांना समजावलं. शेवटी नानांनी एवढंच म्हटलं, "म्हात्रे, पोरीचं लग्न आहे." तेव्हा म्हातारा विरघळला. त्याने ट्यूबा बंद केल्या आणि दूध काही दिवस खरोखर गटारात ओतलं. त्या दिवसांत चिखलोलीचे उंदीर कधी आजारी पडले नाहीत, असं म्हणतात. पुढे आमच्या ताटलीत त्याच्या दुधाभोवती गोल दिसेनासा झाला. दूध स्वच्छ.

राहिलं विरजण. साधं, नाजूक, औषधाचा वास आला तर मान टाकणारं विरजण. आमच्याकडचं सगळं मॅडमनी ऑटोक्लेव्हमध्ये घातलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे कुकरचा बाप. नानांनी झाकण लावताना टोपी काढली होती.

परीक्षा अशी ठरली. औषधाचं थोडं जुनं दूध आम्ही मुद्दाम फ्रीजमध्ये राखून ठेवलं होतं. कुणाचंही विरजण आणायचं, त्या दुधाला लावायचं. लागलं तर तो पहिलवान, नापास. नाही लागलं तर ते आपलं. म्हणजे आम्ही तीन शहाणी माणसं दारोदार विचारत फिरायला लागलो, की बाई, तुमच्याकडे न लागणारं विरजण आहे का?

सगळ्यात आधी परसुमल. त्याने कपाळाला हात लावला. "साईं, माझा दही आता पत्थर! बच्चा लोक कॅरम खेळेल त्याच्यावर. आणि तुम्ही न जमणारा दही मागता? कंपनीत गॅस वगैरे लीक झाला काय?"

मी म्हणालो, "शेठ, ते पत्थर फेकून द्या."

"फेकू? तुम्हीच दिला, तुम्हीच बोलता फेकू? हा शादी का मामला आहे की जादू-टोना?"

कॅम्प एकला माझी मावसबहीण राहायची. ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादा, आमच्या विरजणाला नावं ठेवायला आलास? सासूसमोर? ह्याच विरजणावर माझी या घरात पत वाढलीय. आधी मला कुणी चहा करायलाही सांगत नव्हतं."

"कुठून आणलंस?"

"तुझ्याच कंपनीतून आलं म्हणाली खालची."

अंबरनाथची चाळ झाली, पूर्व झाली, पश्चिम झाली. वाट्या गोळा करून पेटीत ठेवल्या. सकाळी नानांनी दार उघडलं आणि मटकन स्टुलावर बसले. सगळ्या वाट्या घट्ट. एकेक वाटी उलटी केली तरी दही पडेना. आमची दानत अशी दूरवर पोचली होती.

"कुणाकडे तरी असेल," मॅडम म्हणाल्या. "असं घर, जिथे कधी कुणी विरजण मागितलंच नाही."

नानांचा चेहरा पांढरा पडला. "एक घर आहे. राण्यांचं. विहीणबाई कुणाचं घेत नाहीत अन् कुणाला देत नाहीत. शेजारची पाटलीणबाई मागून मागून म्हातारी झाली."

आता तुम्हीच सांगा, लग्न तोंडावर आलेलं असताना मुलीच्या बापाने वाटी घेऊन विहिणीच्या दारात उभं राहायचं, तेही जंतूखात्याचा म्हणून मिरवल्यावर? नाना म्हणाले, "यापेक्षा मी म्हात्र्यांच्या म्हशीपुढे माफी मागेन." पण गेलो. नाना कोट घालून, मी वाटी लपवून आणि मॅडम धीर द्यायला.

सुमतीबाई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. आम्हाला बघून हात थांबले नाहीत.

"काय व्याही? लग्न मोडायला आलात की पुढे ढकलायला?"

नानांच्या भोंग्यातून पहिल्यांदा शिट्टीएवढा आवाज आला. "नाही हो. विरजण मागायला."

बाईंनी वाल खाली ठेवला. "विरजण? तुमचं खातं कुठे गेलं?"

मग आम्ही तिघं तिथेच बसलो. रिकामे हात त्यांना चालत नसावेत. त्यांनी सुपातले वाल आमच्यापुढे सारले. वाल सोलत सोलत मॅडमनी म्हैस, ट्यूब, पहिलवान आणि ते कडं सगळं सांगितलं. मी अधूनमधून भर घालत होतो, पण मॅडमनी कोपराने थांबवलं, कारण माझ्या भरीत म्हशींची संख्या वाढत चालली होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आणि तुमच्या त्या परीक्षेत माझं विरजण नापास झालं तर?"

"तर श्रीखंड नाही," नाना म्हणाले. "मी खोटं वाढणार नाही. मग लग्नाचं काय, ते तुम्ही सांगायचं."

बाई उठल्या. आत गेल्या, वाटी भरून आणली, वर स्वच्छ फडकं बांधलं. "सकाळी मी येते. माझ्या विरजणाची परीक्षा माझ्यासमोर व्हायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर वॉचमनने त्यांना पास मागितला. त्याला त्यांनी काय सांगितलं माहीत नाही, पण तो त्यांची पिशवी घेऊन मागून चालत आला. बोळात बॉयलरवाले, वर्कशॉपवाले, पॅकिंगच्या बायका, सगळे जमले होते. नानांनी पेटीतून दोन डबे काढले. एकात औषधाचं दूध, दुसऱ्यात म्हात्र्यांचं स्वच्छ दूध. दोन्हीत बाईंचंच विरजण.

पहिला डबा उघडला. नानांनी तो तिरका केला. दूध इकडून तिकडे डचमळलं. पातळ, पाणीदार, जसंच्या तसं.

एवढा जल्लोष मी कंपनीत बोनसच्या दिवशीसुद्धा ऐकला नव्हता. वर्कशॉपवाल्यांनी तवे वाजवले. नाना रडायला लागले. सुमतीबाई मात्र लालबुंद. "लागलं नाही, तर नाचता काय? माझी चेष्टा करायला बोलावलंत?"

"काकू, पास!" मॅडम ओरडल्या. "तुमचं विरजण औषधाने मेलं! अगदी छान मेलं!"

दुसरा डबा उघडला. आत चंद्रासारखं दही. बाईंनी बोटाने चाखलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग खाली उतरला.

लग्नाचा चक्का इतका झाला, की घरात टांगायला जागा पुरेना. बाईंच्या अटीत 'घरी टांगलेला' असं होतं, म्हणून वर्कशॉपची चेनपुली नानांच्या चाळीतल्या तुळईला नेऊन बांधली. पाणी निथळताना खालच्या मजल्यावर पाऊस आला असं समजून एका बाईने वाळत घातलेले कपडे काढले.

पहिलवानाचं पुढे काय झालं, हे लोक विचारतात. आम्ही घरोघर जाऊन फेकून द्या म्हणून सांगितलं. काहींनी फेकलं. काहींनी मान डोलावली आणि वाटी फडताळात मागे सरकवली. परसुमलने दुकानातलं बदललं, पण मला संशय आहे की घरचं ठेवलं. एकदा वाटलेलं परत गोळा करता येत नाही, हे आम्ही त्या वर्षी शिकलो. आता डॉक्टर मंडळी सांगतात, की जुन्या औषधांना जंतू दाद देत नाहीत, अन् नवी लवकर सापडत नाहीत. मी मान खाली घालून ऐकतो. ज्या कॅप्सूलच्या गोलाला आमचे मालक नमस्कार करायचे, तो गोल बारीक होत गेला, आणि त्याच्या कारणांत म्हशी होत्या, डॉक्टर होते, अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्या होत्या. चिखलोलीच्या एखाद्या नव्या टॉवरमध्ये जेवायला गेलो आणि दही फारच घट्ट दिसलं, की मी वाटी जरा हलवून बघतो.

पंगत मात्र झकास झाली. सुमतीबाईंनी पहिला घास घेतला तेव्हा नाना वाढपी असल्यासारखे हातात पळी घेऊन त्यांच्यासमोर उभे होते. बाईंनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. "वेलची जरा कमी आहे," एवढंच म्हणाल्या. म्हणजे पास.

पाठवणीच्या वेळी नानांनी एक चांदीची वाटी पुढे केली. त्यात बाईंचंच विरजण, जपून ठेवलेलं, वर तेच फडकं. "विहीणबाई, तुमची ठेव."

बाईंनी हात मागे घेतला. "ठेवा तुमच्याकडे. एकदा उंबऱ्याबाहेर गेलेलं विरजण मी घरात घेत नाही. बाहेरचं घेतलं, ते हे एवढंच," असं म्हणून त्यांनी शुभांगीचा हात धरला आणि गाडीकडे निघाल्या.